तीन यंत्रं आणि एक सुपारी

धंतोली, नागपूर
रविवार, दुपार

आदरणीय मनोहरराव यांस,

मार्तंडचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या कंबरेचं तुम्हाला ठाऊकच आहे, आणि जो प्रत्यक्षात घालता येत नाही तो कागदावर घालणं म्हणजे फसवणूक झाली. सौ. प्रेमलताताईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, तेल जरूर चोळा, पण बाटलीचं झाकण सीलबंद असेल तरच; हल्ली तेलात काय काय येतं याचा नेम नाही. तुमची शुगर, तुमचा रक्तदाब आणि अंगणातला पेरू (शेजाऱ्यांनी यंदा काही शिल्लक ठेवला का?) हे सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. इकडे अस्मिता बरी आहे. मीही बरा आहे असं आमच्या डॉक्टर म्हणतात, पण त्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन खिशात असताना साडूला कागदावर कोण लिहितं? ज्याला फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही तो लिहितो. बेसा भागातल्या आमच्या घरी फोन वायफायवर चालतो, आणि त्या वायफायचा पासवर्ड आमच्याकडे राहायला आल्या आल्या तुमच्या कन्येनं बदलून दिला. (माझा जुना पासवर्ड एकपासून पाचपर्यंतचे आकडे होता. तो कुणीही ओळखेल असं ती म्हणाली. वीस वर्षांत कुणी ओळखला नव्हता. म्हणजे ओळखला असेल तर बोललं नव्हतं.) तेव्हापासून मी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतो. हे पत्र आमच्या हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर बळीराम याच्या हाती देत आहे. तो आज संध्याकाळच्या बसनं अमरावतीला आपल्या घरी जातो आणि उद्या सकाळी परततो. माणूस विश्वासाचा आहे, निदान अजून तरी सापडलेला नाही. जाताना आमच्या घरून तिळगुळाचा डबा घ्यायला सांगितलंय, तो डबा मोजून घ्या म्हणत नाही, पण झाकणाची चिकटपट्टी पाहून घ्या.

आता मुद्द्याचं. वैदेहीला उद्या सकाळच्या आत काही तरी निमित्त काढून अमरावतीला बोलावून घ्या आणि थोडे दिवस ठेवून घ्या. निमित्त तुमचं तुम्ही ठरवा. गुडघे आहेतच. पाहुणे येताहेत म्हणा, नाही तर अंगणात साप निघाला म्हणा. बापानं बोलावल्यावर पोरगी नाही म्हणणार नाही. कारण मन घट्ट करून ऐका: तुमची मुलगी माझ्या खुर्चीवर टपली आहे. ज्या खुर्चीवर मी हॉस्पिटलात पहिला संगणक आला तेव्हापासून बसलोय, आणि ज्या खुर्चीच्या पाठीला अस्मितानं विणलेली लोकरीची गादी आहे, ती खुर्ची मला निवृत्तीपर्यंत हवी आहे. निवृत्तीनंतर तिनं गादीसकट घ्यावी, माझी ना नाही.

तुम्ही म्हणाल, तिची शिफारस तर मार्तंडरावांनीच केली. केली, आणि तीही तुमच्या शब्दाखातर. मी आमच्या डॉक्टर जयवंता मॅडमकडे जाऊन म्हटलं होतं की भाची आहे, पुण्यात दोन वर्षं काढून आली आहे, हाताखाली राहील. यातला ‘हाताखाली’ हा शब्द मॅडमनी ऐकला, मी ऐकला, फक्त भाचीनं ऐकला नसावा. आल्या आल्या तिनं मला विचारलं, "मावसाजी, हे सगळं कुठं लिहून आहे?" सगळं म्हणजे काय, तर आमच्या क्लाउडवरच्या यंत्रांचा कारभार. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं ठेवलेली यंत्रं. आपण त्यांना कधी पाहत नाही, इथूनच बटणं दाबून उठवायचं, बसवायचं. (ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यावर विश्वास टाकायचा हे मला पहिल्यापासूनच खटकतं.) यवतमाळ, पुसद, गडचिरोलीचे पेशंट ऑपरेशन करून गावी जातात, मग त्यांना त्यांचे रिपोर्ट गावातच मोबाइलवर दिसावेत म्हणून आम्ही ती घेतली. कोणतं बटण कशानंतर दाबायचं, कुठल्या खिडकीतली कुठली खूण काढायची, हे सगळं मीच बसवलं. तेव्हा कुठं लिहिलंय म्हटल्यावर मी कपाळाला बोट लावून दाखवलं.

यावर ती हसली. मनोहरराव, ती वाईट हसली असं मी म्हणत नाही. पण मी ते हसणं लक्षात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात तिनं जे केलं त्याला ती कोड म्हणते. समजायला अवघड नाही, तुम्ही मुख्याध्यापक होतात म्हणून सांगतो. एका फाइलीत लिहून ठेवायचं की आम्हाला अशी अशी, एवढ्या आकाराची, इतकी यंत्रं हवीत. मग एक प्रोग्राम ती फाइल वाचतो, क्लाउडवर प्रत्यक्षात काय आहे ते पाहतो आणि जो फरक असेल तो मिटवून टाकतो. कमी असेल ते उभं करतो, जास्त असेल ते काढतो. बटण दाबायला माणूस नको. हे ऐकून मॅडम खूश झाल्या. मी मात्र विचार करत राहिलो की बटण दाबायला माणूस नको, तर मग मी कशाला हवा? हा प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि जो प्रश्न कुणीच विचारत नाही तोच सगळ्यांच्या मनात असतो असा माझा आजवरचा अनुभव आहे.

बरं, तेही मी पोटात घातलं. पण तिनं फाइलीत यंत्रं किती लिहिली? तीन! माझी दोन होती, छान जोडीनं नांदत होती. ती म्हणते, दोन पुरत नाहीत. एक बसलं तर एकच उरतं, आणि दोघांत वाद झाला तर खरं कुणाचं ते कळत नाही, म्हणून तिसरं हवं. वाद झाला तर तिसरा आणायचा, हे कुठल्या घरात चाललंय? तीन तिगाडा काम बिगाडा हे नागपुरात शेंबड्या पोराला माहीत आहे. आपले सासरे कैलासवासी वामनराव तुम्हाला आठवतात ना? तिघांना कधी एकत्र उंबरा ओलांडू देत नसत. तिसऱ्याच्या खिशात एक सुपारी टाकायचे, म्हणजे ती झाली चौथी सोबतीण. एकदा तुम्ही, मी आणि ते काटोलला लग्नाला निघालो, तर तुम्ही ती सुपारी वाटेत चघळून टाकली, आणि पुढं मोटारीची दोन चाकं एकदम बसली. (तुम्ही ते खिळ्यांमुळे झालं म्हणता. खिळे होतेच. पण ते त्याच दिवशी का होते?)

तेव्हा मी जे केलं ते हॉस्पिटलच्या भल्यासाठीच. मी सकाळी लवकर जाऊन, उदबत्ती लावून, जुन्या पद्धतीनं माझी बटणं दाबून एक चौथं यंत्र उभं केलं. मिळतं त्यातलं सगळ्यात लहान. काम काही नाही, नुसतं तिघांच्या सोबतीला बसून राहायचं. नाव इंग्रजी अक्षरांत ‘सुपारी’ ठेवलं. आत शिरताना मी माझं नाव वापरत नाही, कुणी पाळत ठेवायला नको म्हणून. पूर्वीचं सगळ्यांचं सामायिक नाव आहे, त्यानंच शिरलो. मनाला बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, कारण पुण्य सांगितलं की जातं.

जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन पाहतो तो सुपारी गायब.

मी डोळे चोळले. (डोळ्यांच्या हॉस्पिटलात ती एक सोय आहे, तिथंच तपासूनही घेतले.) दुसऱ्या दिवशी पुन्हा सुपारी ठेवली, पुन्हा जेवण होईपर्यंत नाहीशी. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र माझी खात्री झाली की कुणी तरी माझ्या हातचं काम पुसून टाकतंय. आधी क्लाउडवाल्यांचा संशय आला, पण एवढी मोठी कंपनी, तिला माझी एक सुपारी का खुपावी? मग बिलिंग काउंटरच्या जितेंद्रचा आला. जितेंद्र तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, तेव्हा सुपारीशी त्याचा संबंध उघड आहे. शिवाय मी खोलीत शिरलो की तो बोलायचा थांबतो. मी त्याच्या मागं दोन दिवस होतो. तो बोलायचा थांबतो कारण तोंडात खर्रा असतो, एवढंच निष्पन्न झालं.

उरली वैदेही. मी तिच्या टेबलासमोरून पाणी प्यायला इतक्यांदा गेलो की वंदना सिस्टर मला म्हणाल्या, "सर, शुगर तपासून घ्या एकदा." पण डोळ्यांनी काही दिसेना. तेव्हा मी शास्त्रीय मार्ग काढला. घरून पुडीत हळद नेली आणि वैदेहीच्या कीबोर्डवर, दिसणार नाही इतकी, बोटानं लावून ठेवली. हिशेब सरळ होता: जो कीबोर्डला हात लावेल त्याची बोटं पिवळी, आणि पिवळी बोटं घेऊन माणूस जाणार कुठं? सुट्टी संपताना मी दाराशी उभा राहून एकेकाचे हात पाहू लागलो. वंदना सिस्टरची बोटं पिवळी. रिसेप्शनची पोरगी, पिवळी. स्वयंपाकघरातल्या दोघी, पिवळ्या. मॅडम आल्या, त्यांचीही पिवळी! मनोहरराव, माझ्या पायाखालची जमीन सरकली. आख्खं हॉस्पिटल एका कटात सामील आहे, आणि म्होरक्या खुद्द मॅडम, असं मला पूर्ण एक मिनिट वाटत होतं. मग वंदना सिस्टरनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यातून वैदेही तेवढी रजा घेऊन बँकेत गेली होती, तिचे हात स्वच्छ. आणि रुमाल काढायला गेलो तर माझाच अंगठा पिवळाधमक.

शेवटी मी घरी, जेवताना, आडून विचारलं. म्हटलं, वैदेही, एखाद्यानं एखादी गोष्ट चांगल्या हेतूनं ठेवली आणि ती रोज कुणी उचलून नेली, तर त्याला काय म्हणावं? ती पाटोडीची भाजी वाढून घेत होती. ताटातून मान वर न करता म्हणाली, "मावसाजी, ते चौथं यंत्र तुमचं हाय का? ते कोणी उचलत नाही जी. फाइलीत तीन लिहून आहेत. दुपारी प्रोग्राम फिरते, त्याले चार दिसतात, तो एक काढून टाकते."

"पण त्याले तसं सांगितलं कोणं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं ना."

घ्या! कबुली! ताटावर, मावशीसमोर, घास तोंडात असताना! मी अस्मिताकडे पाहिलं, की तू साक्षीदार आहेस. तर ती माझ्याच अंगावर आली. "अजी, काहून त्या पोरीच्या मागं लागून राहिले तुम्ही? सुपारी ठेवाची होती तर सांगून ठेवाची होती. चोरून कोणी सुपारी ठेवते का?" आणि तिनं माझ्या पुढ्यातली पाटोडी उचलून वैदेहीकडे सरकवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाटोडी या बाजूनं त्या बाजूला गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. वैदेही म्हणाली, फाइलीत लिहा म्हणजे राहील. मी म्हटलं, मला लिहायची गरज नाही, माझी बोटं शाबूत आहेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तत्त्वाचा प्रश्न म्हणून, पुन्हा सुपारी ठेवली. त्यांचा प्रोग्राम थकतो की मी, हे मला पाहायचं होतं.

थकायच्या आत शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर क्लाउडच्या बिलाचे कागद. चेहरा असा की ऑपरेशनच्या आधीही इतका गंभीर नसतो. म्हणाल्या, "हे कोण करून राहिलं? रोज सकाळी कोणीतरी आपल्या सिस्टीममध्ये घुसून एक अनोळखी यंत्र उभं करते, आणि आपल्याले पत्ता नाही. पेशंटचे रिपोर्ट आहेत तिथं. बाहेरचा माणूस असेल तर मी आजच सायबर पोलिसात जातो, आणि आतला असेल तर त्यानं उद्यापासून येऊ नये."

मनोहरराव, सगळ्या घटनेचा मी इतक्या बाजूंनी विचार केला होता, पण या बाजूनं नाही. मी चोर शोधत होतो, आणि चोराच्या खुर्चीवर लोकरीची गादी होती. जितेंद्र माझ्याकडे पाहत होता (आता तो संशय घेत होता, केवढा हा उद्धटपणा). मी तोंड उघडणार, म्हणजे काय बोलणार ते ठरलं नव्हतं, पण उघडणार, तेवढ्यात तुमची मुलगी म्हणाली, "मॅडम, ते मावसाजींनी केलं. परीक्षा घेऊन राहिले होते ते. हातानं कोणी काही जास्तीचं लावलं तर कोड पकडते का नाही, ते पाहाले रोज एक लावत होते. रोज पकडलं. एक दिवस चुकलं नाही."

मग मॅडम उठल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की अशी माणसं हवीत, गाजावाजा न करता स्वतःच्याच सिस्टीमवर संशय घेणारी. टाळ्या झाल्या. जितेंद्रनंही वाजवल्या. आणि यापुढं परीक्षेचं सगळं काम मार्तंडरावांकडे, वैदेही त्यांना कोडची फाइल उघडून देईल, असा हुकूम झाला.

घरी येताना रिक्षात मी सगळा वेळ मीटरकडे पाहत होतो. ती खिडकीतून, म्हणजे रिक्षाला खिडकी नसते, तर बाजूनं, बाहेर पाहत होती. मी रात्रभर एकाच गोष्टीचा विचार केला: तिनं मला वाचवलं का? मी हात धुऊन तिच्या मागं लागलो होतो, तिचा कीबोर्ड पिवळा केला होता (तो तिनं शनिवारी पुसला आणि काहीच बोलली नाही, हेही ध्यानात घ्या), आणि तिला नुसतं गप्प बसायचं होतं, खुर्ची आपोआप मोकळी झाली असती. हातातोंडाशी आलेला घास माणूस का सोडतो? त्याहून मोठं ताट दिसत असेल तरच. डाव खोल आहे. म्हणून सांगतो, तिला बोलावून घ्या, आणि उद्या सकाळी ती धंतोलीत पाऊल ठेवणार नाही एवढं बघा. फार कडक बोलू नका मात्र. सकाळी ती नुसता चहा घेऊन निघते, तिकडे असेपर्यंत दोन पोळ्या खाऊन जात जा म्हणावं.

थोरांना नमस्कार, लहानांना जे द्यायचं ते द्या, आणि पेरूकडे लक्ष ठेवा.

तुमचा विश्वासू (तुम्हाला तरी मी विश्वासूच वाटावा),
मार्तंड

ता. क. : ‘बोलावून घ्या’ हे जे वर दोनतीनदा लिहिलंय ते तूर्त कच्चं समजा. पुढचं वाचून ठरवा.

ता. क. दुसरा : तुमच्यापासून काय लपवायचं. हे पत्र मी घरून लिहीत नाही, हॉस्पिटलातून लिहितोय, रविवारचं, एकटा, माझ्या संगणकासमोर बसून. परीक्षेचं काम अंगावर पडल्यावर फाइल कशी लिहितात ते यायला हवं होतं, आणि तिला विचारणं माझ्यानं होईना. म्हटलं, गुपचूप शिकू आणि सोमवारी चकित करू. सुपारीच कायमची बसवून टाकू. मी नवी फाइल उघडली आणि अतिशय स्वच्छ लिहिलं: सुपारी, एक, लहान. जुनी तीन यंत्रं लिहिली नाहीत, कारण ती तर आहेतच. वाण्याच्या यादीत घरात नसलेल्याच वस्तू लिहितात ना? घरात तांदूळ असताना कुणी तांदूळ लिहितं का? मग ती फाइल तिच्या फाइलीच्या जागी ठेवली आणि प्रोग्राम चालवला. तर पडद्यावर लाल अक्षरांत आलं आहे की एक यंत्र उभं होईल आणि तीन यंत्रं नष्ट होतील. खाली विचारलंय, पुढं जायचं असेल तर ‘हो’ लिहा.

मनोहरराव, मी ‘हो’ लिहिलेलं नाही. पण बराच वेळ उत्तर दिलं नाही तर तो गप्प बसणं म्हणजे संमती असं धरतो का, ते मला माहीत नाही. वीज काढली तर काय समजेल, तेही माहीत नाही. पुसदच्या म्हाताऱ्याचे, यवतमाळच्या बाईंचे, सगळ्यांचे रिपोर्ट त्या तिघांत आहेत. मी कीबोर्डवर टॉवेल टाकलाय, त्यावर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी ठेवली आहे, आणि सकाळपासून इथून हललेलो नाही. सोमवारी ती येऊन हा पडदा पाहील, म्हणून तिला बोलावून घ्या म्हणत होतो. खरं कारण तेच. मला भीती वाटते. ती हसेल म्हणून नाही. या वेळी ती हसणार नाही, आणि तेच मला सोसणार नाही.

ता. क. तिसरा : तेव्हा एक काम करा. तिला आज फोन करा आणि सहज, जसं काही तुम्हालाच कुतूहल आहे असं, विचारा: लाल अक्षरांत तीन नष्ट होतील असं आलं तर माणसानं काय करावं, आणि चौथं लिहायचं तर कसं लिहावं? तुम्ही मास्तर, तुम्ही काहीही विचारलं तरी कुणाला संशय येत नाही. उत्तर कागदावर लिहून बळीरामकडे द्या. तो सकाळी आठच्या आत इथं पोचतो. माझं नाव घेऊ नका. पाकीट नीट बंद करा.

मा.

बाबा,

मी वैदेही. बळीरामदादा डबा घ्यायला घरी आले, तेव्हा पाकीट मावशीच्या हाती पडलं. मावसाजी पाकीट शितानं चिकटवतात, ते बसमध्ये बसायच्या आत उघडतं. आमच्या स्वयंपाकघरातच उघडलं. मावशीनं आधी वाचलं, मग मला दिलं, आणि मग ती डबा भरून हॉस्पिटलला निघाली, कारण सकाळपासून तिथं कुणी जेवलेलं नाही. ती पडद्याचं काही बोलणार नाही, असं आमचं ठरलंय.

घाबरू नका. हातानं चालवला की तो प्रोग्राम ‘हो’ लिहिल्याशिवाय काहीही करत नाही, वर्षभर तसाच बसून राहील; दुपारी आपोआप फिरतो तो वेगळ्या जागी ठेवलेली माझी फाइल वाचून. ‘हो’ लिहिलं असतं तरी त्या तिघांना मी पहिल्याच दिवशी पुसलं जाऊ नये असं कुलूप घातलंय, आणि रिपोर्टांची दुसरी प्रत वेगळ्या जागी आहे. माझी जुनी फाइलही जशीच्या तशी सापडते. आणि ही चूक सगळेच करतात. मी पुण्यात केली होती, तेव्हा कुलूप नव्हतं आणि वाचवायला कुणी नव्हतं. केबिनमध्ये मी खोटंही बोलले नाही. मावसाजींनी रोज सुपारी ठेवली नसती तर कोड खरंच पकडतो का, हे मला कधी कळलं नसतं.

मला बोलावून घेऊ नका. आणि त्यांना फोन करून काही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. मी सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, तुम्ही लिहिलेलं ऐकतील. तेव्हा मला आजच फोन करा आणि प्रश्न विचारा, अगदी त्यांनी सांगितलाय तसा. मी उत्तर देईन, ते तुमच्या अक्षरात उतरवून बळीरामदादांकडे द्या. एवढंच लिहा: ‘नाही’ असं लिहून बाहेर पडावं. मग फाइलीत हवं ते सगळंच लिहावं, घरात असलेलंसुद्धा. जुनी तीन आधी, ती कशी लिहायची ते मी फोनवर सांगते.

चौथं कसं लिहायचं ते मात्र सांगू नका. ते त्यांनाच लिहू द्या.